जाग येते, पण अंग उठत नाही तेव्हा

मागच्या महिन्यात एका पहाटे माझा 16 वर्षांचा मुलगा माझ्या उशाशी येऊन उभा राहिला. लहानपणी ताप आला की यायचा, अगदी तसा. म्हणाला, "आई, माझ्या खोलीत कोणीतरी होतं. दारात उभं. मला दिसत होतं, पण हलताच येईना. तुला हाका मारत होतो, आवाजच फुटत नव्हता."

मी विचारलं, "उताणा झोपला होतास का?"

त्याला राग आला. येणारच. पोराची बोबडी वळलेली आणि आई विचारतेय कुशीबद्दल. पण या प्रकरणात मी गेली 28 वर्षं मुरलेली आहे, त्यामुळे माझ्या तोंडून पहिला प्रश्न तोच निघाला. मग त्याला पांघरुणात घेतलं आणि सांगायला लागले. त्या पहाटे जे तुटक तुटक सांगितलं, तेच इथे जरा नीट लिहिते आहे. तुमच्यावर, तुमच्या मुलांवर किंवा शेजारी झोपणाऱ्या माणसावर ही वेळ आली, तर काय करायचं ते.

या प्रकाराला स्लीप पॅरॅलिसिस म्हणतात. मराठीत 'निद्रा पक्षाघात' असा शब्द आहे, पण तो मी घरात वापरत नाही. पक्षाघात म्हटलं की ऐकणारा आधी रुग्णवाहिकेचा नंबर शोधतो. आमच्याकडे आम्ही त्याला नुसतं 'अडकणं' म्हणतो. काल अडकले होते, आज नाही अडकले.

मी पहिल्यांदा अडकले ते 19व्या वर्षी, होस्टेलवर. परीक्षा चालू होती, दोन रात्री जवळजवळ जागून काढल्या होत्या आणि दुपारी पुस्तक पोटावर ठेवून लवंडले होते. जाग आली. बाहेर व्हरांड्यात मुली बोलत होत्या, त्यांचे शब्दही कळत होते. छतावरचा पंखा दिसत होता. आणि पलंगाची कड दबली. कोणीतरी शेजारी बसावं आणि गादी त्या बाजूला कलावी, तशी दबली. मग ते वजन सरकत छातीवर आलं. एक बाई होती. चेहरा दिसला नाही, पण बाई होती आणि तिचा माझ्यावर राग होता, हे मला कसं कोण जाणे पक्कं माहीत होतं. श्वास अर्ध्यावर अडला. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग एकदम कुठलीतरी कळ सुटली आणि मी दचकून उठून बसले. व्हरांड्यातल्या मुली अजून त्याच विषयावर बोलत होत्या.

एक मैत्रीण म्हणाली, "तुला दाबलं गं कोणीतरी." दुसरी म्हणाली, "काही नाही, अभ्यासाचं टेन्शन. विसरून जा." खरं सांगते, त्या दोघींतली पहिली मला जवळची वाटली. तिने निदान माझं ऐकून तरी घेतलं होतं.

आता कामाचं सांगते. पहिलं काम दिवसा करायचं, चांगलं उजेडात बसून. एक वही घ्या आणि पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे 'काय झालं', उजवीकडे 'मला काय वाटलं'. मी प्रूफरीडर आहे, वर्षानुवर्षं रात्रपाळी केली आहे, त्यामुळे समासात खुणा करायची सवय हाडात भिनलेली. डावीकडे लिहायचं: हलता आलं नाही, छातीवर दाब, दाराशी काळी आकृती, कानात घूं आवाज. उजवीकडे: कोणीतरी आलं होतं, त्याला मला मारायचं होतं. एवढंच करायचं. उजवी बाजू खोडायची नाही, तिच्यावर हसायचंही नाही. पण दोन्ही बाजू एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. पुढचं सगळं या रेघेवर उभं आहे.

डाव्या बाजूचं उत्तर शरीरशास्त्राकडे बऱ्यापैकी आहे. आपली झोप साधारण दीड तासाच्या चक्रांनी चालते. प्रत्येक चक्रात एक टप्पा असा येतो की बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर फिरायला लागतात. शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी 1953 साली हा टप्पा जगापुढे मांडला. त्याला आरईएम (रॅपिड आय मूव्हमेंट) झोप म्हणतात. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच टप्प्यात पडतात. आता स्वप्नात तुम्ही धावलात आणि पाय खरोखरच धावायला लागले तर? भिंतीवर आपटाल. म्हणून मेंदूच्या बुंध्याकडून आज्ञा सुटते आणि हातापायांना हलवणाऱ्या चेतापेशी गप्प केल्या जातात. ग्लायसिन आणि गाबा ही दोन रसायनं ते काम करतात. फ्रान्समध्ये मिशेल जुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला हा कुलूप लावणारा भागच निकामी केला, तर ती मांजरं गाढ झोपेत उठायची, पाठ फुगवायची आणि तिथे नसलेल्या शिकारीवर झडप घालायची.

अडकणं म्हणजे काय, तर जाग आधी आली आणि कुलूप उघडायचं राहिलं. दोन गोष्टी एकाच वेळी व्हायला हव्या होत्या, त्यांच्यात थोडं मागेपुढे झालं. बहुतेकदा काही सेकंद, फार तर दोनचार मिनिटं. झोप लागतानाही होतं, उठतानाही होतं. पहाटे जास्त का? तर रात्र सरत येते तशी आरईएमची पाळी लांबत जाते, म्हणून.

छातीवरच्या वजनाचं कोडं मला सुटलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीत मागे टेकून हसले होते. सगळे स्नायू सैल पडलेले असताना दोन मुख्य अपवाद असतात. एक डोळे हलवणारे स्नायू आणि दुसरं श्वासपटल. श्वासपटल चालू असतं म्हणूनच आपण जिवंत असतो. पण बरगड्यांमधले स्नायू मात्र ढिले पडलेले असतात आणि आरईएममध्ये श्वास मुळातच उथळ, वेडावाकडा चालतो. आपण घाबरून मुद्दाम मोठा श्वास घ्यायला जातो. छाती फुलवायची आज्ञा जाते, छाती फुलत नाही. मेंदूला यातून एकच अर्थ कळतो, वरून कोणीतरी दाबतंय. माझ्या छातीवर कोणी नव्हतं. मीच स्वतःच्या छातीला ढकलत होते आणि ती उठत नव्हती.

दारातल्या माणसाचं उत्तर इतकं चोख नाही, पण एक प्रसंग मला फार उपयोगी पडला. 2006 साली स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांच्या एका गटाने अपस्माराच्या एका 22 वर्षांच्या रुग्ण मुलीच्या मेंदूत, डाव्या कानाच्या वरच्या बाजूला एका ठरावीक जागी बारीक विद्युतप्रवाह दिला. शस्त्रक्रियेआधीची तपासणी चालू होती. तिला लगेच जाणवलं, मागे कोणीतरी आहे. ती आडवी असताना ती सावलीही आडवी. ती गुडघ्यांना मिठी मारून बसली, तर सावलीनेही तिला मागून मिठी मारलेली. ती जागा आपल्या शरीराचा नकाशा जुळवण्याचं काम करते: मी कुठे संपते, बाकीचं जग कुठे सुरू होतं. तो नकाशा जरा हलला की आपलीच एक प्रत बाहेर उभी राहते. अडकलेल्या अवस्थेत तर अंगाकडून नेहमीच्या खुणा येतच नाहीत, वर भीतीचं केंद्र स्वप्नातल्यासारखं पेटलेलं. त्या अंधारात मेंदू 'कोण आहे?' विचारतो आणि उत्तरही स्वतःच देतो.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या ॲलन चेन यांनी या अनुभवांचे तीन ढीग केले: कोणीतरी आत आल्याची जाणीव, छातीवरचा दाब आणि तरंगणं, उडणं, शरीराबाहेर निघणं. मला पहिले दोन येतात. तिसरा कधीच आला नाही, याचं मला थोडं वाईट वाटतं.

आता उजवी बाजू. इथे बरेच लेख 'अंधश्रद्धा' असा शिक्का मारतात आणि पुढे जातात. मला ते पटत नाही. माणसांनी या अनुभवाची जी वर्णनं करून ठेवली आहेत, ती बघा किती बारकाईची आहेत. ब्राझीलमध्ये पिसादेइरा नावाची म्हातारी आहे, लांब नखांची, छपरावर दबा धरून बसणारी. ती कोणाच्या छातीवर पाय देते? जो भरल्या पोटी उताणा झोपतो त्याच्या. उताणा! झोपेच्या अभ्यासकांनाही पुढे तेच सापडलं, अडकण्याचे प्रसंग पाठीवर झोपल्यावर जास्त येतात. छपरावरची म्हातारी नसेल, पण कुशीचं निरीक्षण अचूक होतं. जपानीत याला कानाशिबारी म्हणतात, धातूने जखडलं जाणं. इतका नेमका शब्द मला शास्त्रीय पुस्तकात मिळालेला नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी चेटकीण येऊन छातीवर बसते. तुर्कस्तानात करबसान आहे, काळं काहीतरी जे दाबतं. इंग्रजी 'नाइटमेअर'मधला 'मेअर' म्हणजे घोडी नव्हे. झोपलेल्याच्या छातीवर बसणारी ती एक जुनी बया. हेन्री फ्यूझेलीने 1781 साली काढलेल्या त्याच नावाच्या चित्रात उताणी पडलेली बाई, तिच्या छातीवर बसलेलं भूत आणि पडद्यातून डोकावणारं घोड्याचं तोंड, असं सगळं एकत्र आहे. हल्लीच्या काळात काहींना परग्रहावरचे लोक दिसतात. पोशाख बदलला, बसायची जागा तीच.

म्हणजे वर्णन खरं, कारण चुकलेलं. मी माझ्या मुलाला हेच सांगितलं: तुला जे दिसलं ते दिसलं, त्याबद्दल वाद नाही. ते का दिसलं याबद्दल बोलू.

आणि कारण चुकलं तर बिघडतं कुठे? बिघडतं. बालंद जलाल या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इजिप्त आणि डेन्मार्कमधल्या लोकांची तुलना केली. इजिप्तमध्ये अनेकजण याचा संबंध जिनशी लावत होते, डेन्मार्कमध्ये शरीराशी. इजिप्तमधल्या लोकांना भीती जास्त वाटत होती आणि त्यांचं अडकणंही जास्त वेळ टिकत होतं. यात चक्र आहे: भीतीने झोप तुटक होते, तुटक झोपेने पुन्हा अडकायला होतं, पुन्हा अडकलो की वाटतं, ते परत आलं.

इटलीच्या आब्रुत्सो भागात पांडाफेके नावाची चेटकीण येते. तिच्यावरचा उपाय मला फार आवडतो. दाराशी केरसुणी ठेवायची किंवा पलंगाजवळ वाळूची पिशवी. तिला म्हणे आत येण्याआधी केरसुणीच्या काड्या किंवा वाळूचे कण मोजत बसावं लागतं. हे लक्षात ठेवा, मोजण्याकडे परत येणार आहे.

तर प्रत्यक्ष अडकल्यावर काय करायचं. आधी मनात नाव घ्यायचं, 'हे तेच.' दोनच शब्द. लांब वाक्य त्या वेळी आठवत नाही. मी 'मला आता स्लीप पॅरॅलिसिस झाला असून' वगैरे पाठ करून पाहिलं होतं, 'मला'च्या पुढे कधी गेले नाही. मग नजर दाराकडून काढायची. डोळे तुमच्या ताब्यात आहेत, ते पायांच्या दिशेला वळवा, पापण्या मिटता आल्या तर मिटा. दारात जे आहे त्याला चेहरा द्यायचं काम आपली नजरच करत असते.

मग श्वास. इथे सगळ्यांची चूक होते, माझी आठ वर्षं होत होती. मोठा श्वास आत ओढायचा नाही. ओढायला गेलात की छाती साथ देत नाही आणि वजन दुप्पट होतं. श्वास आपोआप चालला आहे, त्याला चालू द्या आणि फक्त बाहेर जाणारा मोजा. एक. दोन. तीन. पांडाफेकेला मोजायला बसवतात ना, तसं मी स्वतःला बसवते. माझं क्वचितच विसाच्या पुढे जातं.

यानंतर दोन मतं आहेत. बरेच जण सांगतात की उजव्या पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा, किंवा जीभ टाळ्याला लावा. एखादा छोटा स्नायू सुटला की बाकीचे सुटतात. जलालचं म्हणणं उलट: हलायचा प्रयत्नच करू नका, हे तात्पुरतं आहे असं स्वतःला सांगा, मन एखाद्या सुखद गोष्टीवर ठेवा आणि अंग आणखी सैल सोडा. त्याची ही पद्धत नार्कोलेप्सीच्या, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराच्या, 10 रुग्णांच्या छोट्या गटात तपासली गेली आणि ती शिकलेल्यांचे अडकण्याचे दिवस निम्म्याने कमी झाले. गट फारच लहान आहे, तरी माझा अनुभव त्या बाजूचा. अंगठा मीही हलवते, पण वीस आकडे झाल्यावर. सगळं अंग एकदम झटकायला जाऊ नका, एवढ्यावर मात्र दोन्ही मतांचं जमतं.

शेजारी कोणी झोपत असेल तर त्याच्याशी आधीच ठरवून ठेवा. ओरडता येत नाही, पण नाकाने भराभर, आवाज करत श्वास सोडता येतो. कुत्रं हुंगतं तसा. माझ्या नवऱ्याला हा आवाज आता झोपेतही ओळखू येतो. तो न बोलता माझ्या दंडावर हात ठेवतो. स्पर्शाने कुलूप बहुतेक वेळा लगेच उघडतं. सुरुवातीला तो गदागदा हलवायचा आणि मोठ्याने "काय झालं? काय झालं?" करायचा, त्यापेक्षा ती बाई परवडली असती.

सुटलात की लगेच कूस बदलून परत झोपायचं नाही. मोह होतो, पण त्याच आरईएममध्ये परत घसरता आणि दुसरा हप्ता मिळतो. उठा, दिवा लावा, दहा मिनिटं चाला, पाणी प्या, वहीत दोन ओळी लिहा. मग कुशीवर झोपा.

मुळात हे कमी व्हावं म्हणून काय? माझ्या वहीतल्या नोंदी निम्म्याहून कितीतरी जास्त दोन गोष्टींवर बोट ठेवतात: उताणं झोपणं आणि अपुरी किंवा अवेळी झोप. रात्रपाळी बदलली की पहिल्या तीन दिवसांत हमखास. अलार्म पुढे ढकलून घेतलेली दहादहा मिनिटं माझ्यासाठी सगळ्यात वाईट. तेव्हा उठायची वेळ पक्की ठेवा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. दुपारची झोप टाळा किंवा अगदी वीस मिनिटांची. कुशीवर राहण्यासाठी जुन्या टीशर्टला पाठीवर खिसा शिवून त्यात चेंडू घालतात. आतून नको, बाहेरून शिवा आणि मधोमध, खांद्याच्या पात्यांच्या जरा खाली. मी कमरेजवळ शिवला होता, सकाळी पाठ धरली.

डॉक्टरांकडे कधी जायचं? एकदोनदा झालं म्हणून धावायची गरज नाही. 36,000हून जास्त लोकांच्या पाहण्या एकत्र करून 2011 साली काढलेला आकडा असा की, शंभरातल्या सातआठ जणांना आयुष्यात एकदा तरी हे होतं, विद्यार्थ्यांमध्ये तर शंभरातल्या 28 जणांना. हे घराण्यातही चालतं, आमच्याकडे आता दिसतंच आहे. पण दिवसा बोलता बोलता आवरता न येणारी झोप येत असेल, किंवा जोरात हसलं की गुडघे सैल पडत असतील, तर नार्कोलेप्सीची तपासणी करून घ्या आणि हे हसण्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. घोरताना श्वास अडत असेल तरी जा. आठवड्याला होत असेल, झोपायचीच धास्ती वाटत असेल, तरीही. नैराश्यावरची काही औषधं आरईएम झोप दाबतात. ती मनाने एकदम बंद केली तर आरईएम उसळून येते आणि त्यात अडकणंही वाढू शकतं. तेव्हा विचारल्याशिवाय गोळी सोडू नका. आणि पहिले डॉक्टर हसले तर दुसरे बघा. मला 23व्या वर्षी एकांनी "लग्न झालं की थांबेल" असं सांगितलं होतं. थांबलं नाही, फक्त दंडावर हात ठेवायला कोणीतरी आलं.

मुलाला त्या पहाटे मी नवी वही दिली. त्याने रेघ मारली. पहिले काही दिवस काहीच नाही. परवा सकाळी दात घासत असताना वही माझ्यापुढे धरली. डावीकडे लिहिलं होतं: 'पहाटे साडेपाच. उताणा. दारात तोच. श्वास मोजले, चौदा.' उजवीकडे आधी 'भीती वाटली' असं होतं, ते न खोडता त्याच्यापुढे त्याने लिहिलं होतं: 'दारामागे बाबांचा रेनकोट टांगलाय. तो काढून ठेवा.'

रेनकोट काढला.